विंचवाचे बिऱ्हाड

विंचू आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो, ही म्हण आम्ही बालपणापासून ऐकत आलो; परंतु या वयात, दोन मुलांसह, आपणही तोच प्रयोग करून पाहावा, आणि तोही थेट न्यूझीलंडात, अशी बुद्धी आम्हांस व्हावी हा ग्रहांचा खेळ म्हणावा की आमच्या मेहुण्यांचा, हे अद्याप ठरलेले नाही. मेहुणे ख्राइस्टचर्च येथे नोकरीस आहेत. तिकडे घरासारखी मोटार भाड्याने मिळते, तीत गॅसची शेगडी, फ्रीज आणि मोरी असते, दिवसा जे जेवणाचे मेज त्याचाच रात्री पलंग होतो, असे त्यांनी कळविले मात्र, आमच्या भंडाऱ्याच्या घरात दुसरा विषय म्हणून उरला नाही.

आमची कन्या आठ वर्षांची व चिरंजीव चार वर्षांचे. चार वर्षांच्या मुलास मांडीवर घेऊन ज्यांनी परगावच्या उपाहारगृहात वरणभाताची वाट पाहिली आहे, त्यांस या मोटारीचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. भूक लागली की गाडी कडेला उभी करावी आणि कुकर चढवावा. झोप आली की पडदा ओढावा. प्रवासातील निम्मे रडणे याने थांबेल असा आमच्या सौभाग्यवतींचा हिशेब होता, व त्यांचे हिशेब सहसा चुकत नाहीत.

आम्ही मात्र निराळ्याच हिशेबात दंग होतो. सोळा दिवसांत दोन्ही बेटे पालथी घालण्याचा बेत आम्ही आखला. मधली सामुद्रधुनी मोटारीसकट जहाजाने ओलांडण्यास साडेतीन तास लागतात, तेही वेळापत्रकात बसविले. तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात हे कळल्यावर आमचा धीर दुणावला. परदेशात चालविण्याचा परवाना इकडच्या परिवहन कार्यालयातून मिळतो व एक वर्ष चालतो. तिकडे एकेरी पूल पुष्कळ आहेत. पुलाच्या तोंडाशी ज्याच्या बाजूस लाल बाण असेल त्याने थांबावे, एवढाच नियम. आमच्याकडे ज्याचा हॉर्न मोठा तो प्रथम जातो, त्यामुळे ही लाल बाणाची सवय व्हावयास काही दिवस जातील. वाटेल तेथे मुक्काम ठोकता येतो, ही समजूतही लवकरच दूर झाली. उघड्यावर मुक्काम करण्यासंबंधी तेथे 2011 साली कायदा झाला आणि 2023 मध्ये तो अधिक कडक झाला. स्वयंपूर्ण म्हणवून घेणाऱ्या गाडीत आता पक्का बसविलेला संडास लागतो, व त्याची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. ते काम कोणाचे, हा प्रश्न आमच्या घरात निघाला तेव्हा सर्वांनी एकमताने आमच्याकडे पाहिले.

खरी अडचण निघाली ती आसनांची. सात वर्षांखालील मुलास तिकडे मान्यताप्राप्त बालासनात बांधूनच न्यावे लागते, आणि ते आसन समोर तोंड असलेल्या बैठकीवरच बसते. आडव्या बाकावर चालत नाही. म्हणजे गाडीत किती जण निजतात यापेक्षा कितीजण बसतात, व कोणत्या दिशेस तोंड करून बसतात, हे आधी पाहणे आले.

हे मुलांस समजावे म्हणून एका सकाळी आम्ही सारवलेल्या अंगणात चुन्याच्या फक्कीने गाडीचा नकाशा काढला. लांबी सुमारे सात मीटर, रुंदी सव्वादोन. आत शेगडी, मोरी, मेज आणि चार आसने. कन्या आपल्या जागी बसली. चिरंजिवांस पाटावर बसवून ओढणीने बांधले. सौभाग्यवती पुढे डावीकडे, आम्ही उजवीकडे ताटलीचे चक्र धरून. इतक्यात आमच्या मातोश्री सूप हाती घेऊन ओसरीवरून उतरल्या, रेघेशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अन् मी कोठी बसू, बापू?"

त्या थट्टेने बोलल्या. परंतु आमच्या हातातील ताटली जागच्या जागी राहिली. तीन महिने आम्ही कागद काळे करीत होतो. रोज किती किलोमीटर, किती पेट्रोल, किती दूध, सर्व मांडले होते. आणि त्या तीन महिन्यांत मातोश्रींस यावयाचे आहे काय, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. ती म्हातारी माणसे, त्यांस कशास दगदग, असे आपण मनाशी म्हणतो आणि त्यास त्यांची काळजी असे नाव देतो. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले नाही, हे त्यांचे उपकार.

मातोश्री मात्र रेघ ओलांडून आत आल्या आणि मेजावर, म्हणजे मेजाच्या चौकोनात, बसून बोलू लागल्या. त्यांचे माहेर लाखांदूरकडे. आठ वर्षांच्या असताना महाशिवरात्रीस त्या घरच्या बंडीतून प्रतापगडच्या यात्रेस गेल्या होत्या. तो गड 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात मोडतो; तेव्हा तो भंडाऱ्याचाच होता. डोंगरावर महादेव आणि तेथेच दर्गा, त्यामुळे वाटेवर दोन्ही धर्मांच्या बंड्या. त्यांच्या बंडीवर तट्ट्याचे छप्पर, खाली तणस अंथरलेली, आत आठ माणसे, आणि कण्याला टांगलेली घागर. तळ्याच्या पाळीवर तीन दगडांची चूल मांडीत, दोन मुक्काम करीत गेले. "बैल थकायच्या आधी सोडत. सूर्य हातभर वर असला की बंडी सोडलीच," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या वेळापत्रकावर बोट ठेवून विचारले, "हे पोर एवढा वेळ बांधून बसेल?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते. त्याच्या आदल्या रविवारी तालीम म्हणून आम्ही साकोलीस निघालो होतो. चाळीस किलोमीटरांचाही तो रस्ता नव्हे. तरी चिरंजिवांस गाडी लागून लाखनीच्या अलीकडेच आमची आसने धुवावी लागली होती. त्या रात्री आम्ही उत्तरेचे बेट खोडले. जहाजही खोडले. आता बेत दक्षिण बेटाचा, आणि तोही टेकापो सरोवरापर्यंतच. ख्राइस्टचर्चहून ते सव्वादोनशे किलोमीटरांवर आहे. आम्ही ते दोन दिवसांत गाठणार, मध्ये जेराल्डीन गावी मुक्काम. तेथील काळोख्या आकाशाचे 2012 पासून जतन होत आहे, म्हणून तारे पुष्कळ दिसतात. कन्येने तारे मोजण्यास वही घेतली आहे.

वेळेचा घोळ अजून आहे. आमच्या विदर्भातील शाळा उन्हाळ्यात जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतात, पण तेव्हा तिकडे ऐन हिवाळा, दिवस जेमतेम नऊ तासांचा. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे वसंत असतो, सूर्यही रात्री आठच्या सुमारास मावळतो, आणि सौभाग्यवतींस भावाच्या घरी भाऊबीज साधते. परंतु दिवाळीतच हलके धान कापणीस येते. शेत बटईने दिलेले असले तरी मातोश्री बांधावर उभ्या राहिल्याखेरीज आमच्या घरी धान आल्यासारखे वाटत नाही. बांधावरचा चिखल जोड्यांस लागला असेल तर तोही घासून जावे लागेल. त्या देशात उतरताना जोड्यांचे तळवे तपासतात, मध नेऊ देत नाहीत, आणि जवळचा खाऊ सारा सांगावा लागतो. मातोश्रींचे मेतकूट कागदावर कसे वर्णावे, यावर सध्या घरात चर्चा आहे.

कारण मातोश्रींसाठी आम्ही सहाजणांची गाडी विचारली आहे. भाडे वाढते, ते ओसरीच्या कौलांसाठी ठेवलेल्या पैशांतून जाईल; कौले आणखी एक पावसाळा काढतील असे सौभाग्यवती म्हणतात. पारपत्राकरिता जन्मतारीख हवी, म्हणून माहेरगावच्या शाळेतून दाखला आणला. त्यावर मास्तरांनी 1 जुलै लिहिली आहे. "मी तर पोळ्याची," असे मातोश्री म्हणाल्या, व सही करण्यापूर्वी तो दाखला त्यांनी बराच वेळ पाहिला. यावयाचे की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. आधी कागद येऊ दे, मग धान पाहू, एवढेच म्हणतात.

अंगणातील नकाशा अजून तसाच आहे. पाचवे आसन कन्येने मागाहून काढले. ते जरा वाकडे झाले आहे. सकाळी मातोश्री खराटा घेऊन अंगण झाडतात, तेव्हा फक्कीच्या रेघेपाशी येऊन तेवढी जागा सोडतात आणि पलीकडून पुन्हा झाडू लागतात.