खो-खोचे दप्तर

खो-खोचा सामना पाहावयास सारे गाव लोटते. खो-खोचे दप्तर पाहावयास मात्र कोणी फिरकत नाही. माझ्या वाट्यास हे दप्तरच आले. पायांत वेग नव्हता, परंतु अक्षर बरे होते. म्हणून रहिमतपुरात शाळकरी वयापासून मी मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून गुणपत्रक लिहीत आलो आहे. गडी बाद झाला की त्याची वेळ टिपावी, पळणाऱ्यांच्या तीन-तीनांच्या तुकड्या क्रमाने आत गेल्या की नाही ते पाहावे, डावाच्या शेवटी दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात, हे माझे काम. त्या टेबलावरून जे दिसले, ते विद्यार्थी बंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आज आपण ज्यास खो-खो म्हणतो, तो खेळ आपोआप असा बनलेला नाही. कोणी तरी बसून तो लिहिला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्यास नियमांत बांधण्यास आरंभ केला. १९१९ साली मैदान लंबवर्तुळाकार ठरले, लांबी ४४ यार्ड व रुंदी १७ यार्ड. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली नियमांचे पुस्तक छापले. नियम एक झाल्यावाचून साताऱ्याच्या संघाने नागपूरच्या संघाशी खेळावे कसे? पुस्तक आले आणि परगावचा प्रतिस्पर्धी लाभला. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९५९-६० साली विजयवाड्यास प्रथम झाली, आणि तीही केवळ पुरुषांची. स्त्रियांस प्रवेश मिळाला तो पुढच्याच वर्षी, आपल्या शेजारच्या कोल्हापुरास. ही गोष्ट आमच्या भागातील मुलींस ठाऊक नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

इंग्लंडातही याहून निराळे घडले नाही. रग्बी गावच्या शाळेत मुले अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावत. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीच १८४५ साली आपल्या खेळाचे नियम लिहून काढले, आणि १८७१ साली लंडन येथे २१ क्लबांनी एकत्र येऊन रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. पण नियम एक झाले म्हणून माणसे एक राहतातच असे नाही. उत्तरेकडील संघांत गिरणीकामगार व खाणकामगार फार. सामन्यास गेले की त्यांचा रोज बुडे. तो बुडालेला रोज भरून द्यावा, एवढीच त्या क्लबांची मागणी होती. युनियनला ती मान्य झाली नाही, आणि १८९५ साली ते क्लब फुटून वेगळे झाले. त्यातून रग्बीचा एक निराळाच खेळ निर्माण झाला, तो आजतागायत निराळा आहे.

बुडालेल्या रोजाची ही कथा मला परकी वाटत नाही. काही वर्षांपूर्वी जवळच्या वाडीतील एक मुलगी आमच्याकडे खेळत असे. खांबाशी सूर मारून गडी टिपावा तो तिनेच. जिल्ह्याच्या निवड चाचणीस तिचे नाव दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझ्या कागदावर तिच्यापुढे ‘गैरहजर’ असा शब्द पडला. कारण साधे होते. मुलीस एकटी परगावी धाडावयाची नाही, आणि आई बरोबर निघाली तर तिची दिवसाची मजुरी जाणार. वर दोघींचे एस्टीचे भाडे. संघटनेच्या कागदात ‘गैरहजर’ या शब्दापुढे कारण लिहावयास रकानाच नसतो. तिसऱ्या वर्षी आम्ही चार-पाच गावांच्या मुली एकत्र केल्या, बरोबर एक शिक्षिका दिल्या आणि भाड्याची वर्गणी काढली. ती आली, निवडली गेली, आणि राखीव गडी म्हणून स्पर्धेत दोनच डाव खेळली. पुढे ती राज्याच्या संघात गेली असे लिहिता आले असते, तर लेख गोड झाला असता. ती गेली नाही. बारावीनंतर तिचा खेळ सुटला. तथापि त्या वर्षापासून मुली एकत्र नेण्याची आमची रीत मात्र सुटलेली नाही.

पालक मजपाशी येऊन नेहमी विचारतात, की मुलाने शाळेकडून खेळावे की मंडळाकडून? वस्तुतः हे दोन स्वतंत्र जिने आहेत. शालेय स्पर्धा शासनाचे क्रीडा खाते भरविते. त्यात वयाचे गट पाडलेले असतात, आणि आमचा संघ कोरेगाव तालुका, सातारा जिल्हा, कोल्हापूर विभाग व मग राज्य असा चढत जातो. दुसरा जिना संघटनेचा. गावचे मंडळ जिल्हा संघटनेकडे नाव नोंदविते, जिल्ह्याची निवड चाचणी होते, जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत उतरतो, आणि तेथील खेळ पाहून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. पंचांचीही परीक्षा असते, हे पुष्कळांस ठाऊक नाही. शिट्टी विकत घेतल्याने कोणी पंच होत नसतो! दोन्ही जिन्यांवर पहिल्या पायरीस जन्मतारखेचा दाखला मागतात, आणि अर्धी भांडणे तेथेच होतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. स्त्रियांनी ७८-४० व पुरुषांनी ५४-३६ अशा गुणांनी. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मुलींनी तो सामना डोळ्यांत प्राण आणून पाहिला. पण त्यांची पहिली शंका विजयाची नव्हती. ‘सर, त्या मातीवर का खेळत नाहीत?’ असे एकीने विचारले.

शंका रास्त होती. मोठे सामने हल्ली मॅटवर होतात. मातीत अनवाणी पळणारा पाय मॅटवर बूट घालून वळू लागला की चकतो. पहिला डाव पाय ओळखण्यातच जातो. मॅट शहरात आहे, माती आमच्याकडे आहे. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी बाहेरगावच्या संघांस मॅटवर तासभर सराव करू द्यावा, असा अर्ज आम्ही आठ गावांच्या सह्या घेऊन पाठविला आहे. अर्ज मीच लिहिला. अक्षर बरे आहे म्हणून. उत्तर अद्याप यावयाचे आहे.