बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग नव्हे

सॉकेट बदलायला वायरमन कशाला हवा, असं लोक म्हणतात. फेज-न्यूट्रलपुरतं ते फारसं खोटंही नाही. मिक्सर फिरला की काम झालं. माझं लक्ष असतं तिसऱ्या तारेकडे, जिच्यावाचून मिक्सर तितकाच झकास फिरतो.

मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींत भिंतीतून लोखंडी पाइप गेलेले असतात आणि सॉकेटमागे पत्र्याची पेटी. वेगळी अर्थची तार अनेकदा ओढलेलीच नसते. पाइप हाच अर्थ. अशा पेटीवर नवं मॉड्युलर सॉकेट लावलं तर त्याची प्लॅस्टिकची फ्रेम पेटीला आवळली जाते, पण वरच्या मोठ्या भोकाला अर्थ मिळत नाही. तो द्यावा लागतो. पेटीतला रंग, गंज पॉलिशपेपरनं घासून मी पत्रा चकचकीत करतो, तिथं स्क्रूखाली लग दाबतो आणि हिरव्या तारेचा तुकडा सॉकेटच्या अर्थला नेतो. वेगळी तार आलेली असली तरी पेटी सोडायची नाही. प्लेट आवळताना फेजचं इन्सुलेशन पत्र्याच्या धारेवर सोललं गेलं, तर करंट पेटीतच उतरतो.

मग तपासणी. फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब धरायचा, पेटला की ‘अर्थिंग ओके’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही! पाइपचे सांधे गंजून वाटेत 10 ओहमचा अडथळा आला असला, तरी तो झगझगीतच पेटणार. उद्या वॉशिंग मशिनच्या बॉडीत फेज उतरला, तर त्या वाटेनं 230 भागिले 10, म्हणजे फार तर 23 अँपिअर जातील. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर झटकन पडत नाही, तासभरही रेंगाळू शकतो. तोवर मशिनच्या पत्र्यावर जवळजवळ सगळे 230 व्होल्ट.

म्हणून जमेल तिथं मीटरबोर्डापासून नवी हिरवी तार ओढावी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गंजक्या वाटेनंही तो पडतो. गिऱ्हाईक मात्र बल्बाकडे बोट दाखवून विचारतं, ‘‘पेटतोय की, मग खर्च कशाला?’’

त्याहून स्वस्त तोड म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला लूप मारणं. मागं कुठं न्यूट्रल तुटला की फेज मशिनच्या मोटरमधून फिरून थेट बॉडीवर येतो. असा लूप दिसला की मी आधी तो काढतो, मग पैशांचं बोलतो.