स्मिता कुठे भेटेल?

स्मिता पाटील मला आधी ऐकू आली, दिसली नंतर. सत्तरच्या दशकातली मुंबई. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात. संध्याकाळी त्या घराचा दरवाजा माणसांनी भरून जायचा आणि आम्ही पोरं पार मागे, गॅलरीत. पडद्याचा एखादा निळसर कोपरा दिसला तर दिसला. आवाज मात्र नीट पोचायचा. दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारा तो आवाज खालच्या पट्टीतला होता, जरासा घोगरा, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. तेव्हा आम्हा मुलींशी मोठी माणसं एकतर लाडात बोलायची किंवा दटावून. हा आवाज यातलं काहीच करत नव्हता. तो सरळ सांगत होता, आणि ऐकणाऱ्याला कळेल असं धरून चालत होता.

पुढे कधीतरी माणसांच्या खांद्यांमधून ती दिसली. सावळी, मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत कुंकू लावलेली. ओळखीची वाटली. आपल्याच नात्यात कुणीतरी असावी, पण आपल्या नात्यातल्या कुणालाही न जमणारं काहीतरी तिला जमलेलं असावं, अशी.

परवा माझ्या भाचीने फोनवर विचारलं, “मावशी, स्मिता पाटीलचे चांगले सिनेमे कुठे बघायला मिळतील गं?” ती परदेशात असते, तिच्याजवळ चार ओटीटींची वर्गणी आहे. मी तिला लगेच काही सांगितलं नाही. रात्री बसून शोधत राहिले, आणि शोधता शोधता माझीच एक लांबलचक रात्र स्मिताच्या सोबतीत गेली.

तिचं नाव टाकलं की आधी वर येतात ते मोठ्या बॅनरचे हिंदी चित्रपट. ‘नमक हलाल’, ‘शक्ति’, ‘आखिर क्यों?’. ते बघावेतच. ‘शक्ति’त दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन समोरासमोर उभे असताना तिच्या वाट्याला फारसं काही नाही, पण जे आहे त्यात ती उसनी वाटत नाही. त्या चित्रपटांचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून ते या नाही तर त्या ओटीटीवर सहसा सापडतात. खाली खाली जावं तसा शोध अवघड होत जातो, आणि नेमकी तिथेच स्मिता आहे.

याचं कारण साधं आहे. चित्रपटाचे हक्क नटीकडे नसतात, निर्मात्याकडे असतात. आणि स्मिताच्या मोलाच्या चित्रपटांचे निर्माते सतरा ठिकाणचे. ‘भूमिका’ आणि ‘मंडी’मागे ब्लेझ फिल्म्सची माणसं. ‘जैत रे जैत’ची निर्मिती उषा मंगेशकरांची. ‘मिर्च मसाला’ सरकारी चित्रपट महामंडळाचा, एनएफडीसीचा. ‘सद्गती’ सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली. ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांचा. प्रत्येकाने दोन रुपये दिले आणि त्यातून तो उभा राहिला. शिवाय भाषा. केतन मेहतांचा ‘भवनी भवाई’ गुजराती, मृणाल सेन यांचा ‘अकालेर संधाने’ बंगाली, अरविंदन यांचा ‘चिदंबरम’ मल्याळम. अवघं बारा-तेरा वर्षांचं काम, आणि ते भारतभर पांगलेलं. ओटीटीवाले एकेक चित्रपट ठरावीक मुदतीसाठी घेतात. मुदत सरली की तो निघून जातो, कधी दुसऱ्या दारात उगवतो, कधी उगवतच नाही. म्हणून मी भाचीला ॲपचं नाव सांगितलं नाही. आज सांगितलेलं नाव ती बघायला बसेपर्यंत खोटं ठरलेलं असतं. चित्रपटांची नावं सांगितली, आणि ती कशी शोधायची ते.

कायद्याने आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे १९७७ चा ‘भूमिका’ सगळ्यांसाठी खुला होईल तो २०३८ साली. तोवर तिला बघायचं तर हक्कदाराच्या दारातूनच. यूट्यूबवर तिचं पुष्कळ काही पडलेलं आहे. त्यातलं काही हक्कदारांनी स्वतः ठेवलेलं, काही कुणीही उचलून टाकलेलं. चॅनेलचं नाव बघावं. एनएफडीसी किंवा निर्मात्याच्या कंपनीचं असेल तर निर्धास्त बघावं. दुसऱ्या प्रकारातल्या चित्रांची चौकट ताणून रुंद केलेली असते, चेहरे आडवे होतात, कोपऱ्यात कुठल्यातरी वाहिनीचा शिक्का असतो, गाणी कापलेली असतात.

आणि त्या व्हिडिओंवर लावलेली चित्रं! ‘चक्र’ शोधला की बऱ्याचदा समोर येतं ते सार्वजनिक नळावर अंघोळ करणाऱ्या अम्माचं, म्हणजे स्मिताचं, दृश्य. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट, मुंबईच्या झोपडपट्टीतला, रवींद्र धर्मराज यांचा. त्यातली ती अंघोळ म्हणजे आडोसा नसलेल्या बाईचं रोजचं जगणं आहे. १९८१ साली जाहिरातीसाठी तेच दृश्य पुढे केलं गेलं आणि आज चाळीस वर्षांनीही तेच पुढे केलं जातं. याचा मला राग येतो. त्या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो तिने अम्माच्या थकलेल्या खांद्यांतून, माणसांवर ठेवलेल्या आणि पुन्हापुन्हा मोडलेल्या भरवशातून मिळवला होता. चित्रपट पूर्ण बघितला की ते एक दृश्य आपोआप त्याच्या जागी जाऊन बसतं.

वाईट प्रतीने नुकसान किती होतं हे ‘भूमिका’त कळतं. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला हा श्याम बेनेगलांचा चित्रपट. नायिका उषाच्या आयुष्यातले वेगवेगळे काळ दाखवताना बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी यांनी पडद्याचा पोतच बदलला आहे. कुठे कृष्णधवल, कुठे रंग, आणि रंगांचीही जात निराळी. उषा नाचते, हसते, नवऱ्याच्या घरातून निघते, दुसऱ्या पुरुषाच्या वाड्यात जाते आणि तिथला दरवाजाही बंद होतो. तेव्हा स्मिता बावीस वर्षांचीसुद्धा नव्हती. कोवळ्या पोरीपासून कंटाळलेल्या, पिचलेल्या बाईपर्यंत ती जाते ती मेकअपच्या बळावर नाही. पाठीच्या कण्यातला ताठरपणा थोडा थोडा बदलत जातो, बघण्यातली उत्सुकता विझत विझत जाते. फिकुटलेल्या प्रतीत हे सगळं धुऊन निघतं. गोष्ट तेवढी उरते, बाई जाते. तसंच ‘मिर्च मसाला’चं. मिरच्यांच्या कारखान्यात कोंडून घेतलेल्या बायका, दारात ओम पुरींचा म्हातारा चौकीदार, बाहेर नसीरुद्दीन शहांचा सुभेदार. त्या चित्रपटात लाल रंग हे एक पात्र आहे. तो लाल जर विटकरी झाला, तर शेवटी हवेत उडणारं तिखट डोळ्यांना झोंबत नाही. हा चित्रपट १९८७ साली आला. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर काही दिवसांत, स्मिता गेली होती, वय एकतीस. सोनबाई म्हणून कोयता उगारून ती आपल्याकडे बघत उभी असते, आणि ती आता नाही हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकांनीच तिला तसं पहिल्यांदा बघितलं.

चांगली प्रत म्हणजे काय, हे ‘मंथन’ने अलीकडे दाखवून दिलं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो जीर्णोद्धारित केला. मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती; आवाज मात्र फाउंडेशनने जपलेल्या एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. चेन्नईत आणि इटलीतल्या बोलोन्यातल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकेक फ्रेम साफ झाली. २०२४ च्या मे महिन्यात हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनच्या सुरुवातीला आपल्या थिएटरांतही आला. मी तो तेव्हा बघितला. सौराष्ट्रातली ती रखरखीत माती, म्हशींच्या पाठीवरचं ऊन, आणि स्मिताची बिंदू. अंगणात काम करत, मान न वळवता, शहरातून आलेल्या डॉक्टरला ती उत्तरं देते. पूर्वी धुरकट प्रतीत मला तिचा राग दिसला होता. या वेळी रागाच्या खालचं कुतूहल दिसलं, आणि त्याच्याही खाली, कुणालाच कळू न देण्याची तिची धडपड. डोळ्यांतली एवढी बारीक हालचाल पन्नास वर्षं त्या निगेटिव्हवर जशीच्या तशी थांबून होती. पडद्यावर स्मिता नुकतीच विशीत आली होती आणि मी अंधारात साठीची बसले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनेगलही गेले.

मराठी चित्रपटांपाशी मात्र माझा पाय निघत नाही. आपल्या भाषेत ती थोडंच बोलली, पण जे बोलली ते भाषांतरातून कुणालाच पुरतं मिळणार नाही. ‘जैत रे जैत’ घ्या. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकरवाडी, लिंगोबाचा डोंगर आणि कड्याला लोंबणारी मधमाश्यांची पोळी. मोहन आगाशे यांचा नाग्या त्या डोंगराने झपाटलेला, आणि नको असलेल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्या नाग्याने. चिंधीला कसलाच आडपडदा नाही. आवडलं तर आवडलं, नको तर नको. पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरातली, राजकारणी वडील आणि समाजसेविका आई यांची मुलगी स्मिता, पण ती डोंगरउतारावर पाय टाकते तो तिथेच वाढल्यासारखा. बसण्यात, टोपली टेकवण्यात, पुरुषाकडे थेट बघण्यात कुठेही ‘मी आदिवासी बाई दाखवते आहे’ असा आव नाही. पायाखालची जमीन तिला ठाऊक आहे एवढंच दिसतं. हा चित्रपट मोबाइलवर बघू नये. त्यातला डोंगर मोठा दिसायला हवा, आणि त्याच्यासमोर ती दोन माणसं लहान.

आणि ‘उंबरठा’. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली, समाजकार्य शिकलेली. नवरा वकील, लहान मुलगी, सासर खाऊनपिऊन सुखी. ती दूरच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी धरते. त्या काळी आमच्या घरांत या चित्रपटावरून वाद झाले. ‘मुलीला सोडून जाते म्हणजे काय?’ असं माझी आत्या म्हणाली होती, आणि माझी आई, जी सहसा नणंदेसमोर बोलत नसे, ती म्हणाली होती, ‘पुरुष बदलीच्या गावी जातात तेव्हा कोण विचारतं?’ एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. आईचं ते एक वाक्य माझ्या पुढच्या कितीतरी निर्णयांच्या मुळाशी आहे, आणि ते तिच्याकडून वदवून घेतलं स्मिताने. सुलभा कुठेही भाषण करत नाही. सुधारगृहातल्या बायकांचे हाल, वरच्यांची बेपर्वाई, कागदी चौकशा यांतून ती हळूहळू एकटी पडत जाते. घरी परत येते तेव्हा मुलगी परकी झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. हे तिला कळतं त्या क्षणी स्मिताचा चेहरा मी अनेकदा बघितला आहे. रडू येईल असं वाटतं, येत नाही. काहीतरी आतून मिटतं आणि दुसरं काहीतरी उघडतं. आणि ती पुन्हा निघते. हाच चित्रपट ‘सुबह’ नावाने हिंदीतही झाला. दोन्ही मिळाले तर मराठी बघावा. घरातल्या माणसांशी बोलतानाचा तिचा तो बातम्यांमधला, समजूत न काढणारा आवाज मराठीतच ऐकू येतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘सद्गती’ तासाभराचीही नाही, पण मन घट्ट करून बघावी. दूरदर्शनच्या जुन्या ठेव्यासाठी प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ धुंडाळावं. हे ओटीटी नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ गाण्यांसाठी लोक बघतात, तिच्यासाठी पुन्हा बघावेत; ‘अर्थ’मधली तिची ढासळणारी कविता मला शबाना आझमींच्या पूजाइतकीच खरी वाटते. ‘अकालेर संधाने’त ती दुष्काळावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण करायला खेड्यात आलेली नटी आहे, नावसुद्धा स्मिताच. ‘चिदंबरम’ संथ आहे, रात्री घर शांत झाल्यावर लावावा. अरुण खोपकरांची ‘तीव्र मध्यम’ ही फिल्म इन्स्टिट्यूटमधली पदविका फिल्म कुठे दाखवली जात असेल तर काम बाजूला ठेवून जावं. तिथे ती अजून कुणाचीच झालेली नाही.

भाचीला मी शेवटी हाच क्रम लिहून पाठवला: आधी ‘उंबरठा’, मग ‘भूमिका’, मग ‘जैत रे जैत’, आणि ‘मंथन’ जमलं तर मोठ्या पडद्यावर. तुम्हालाही तोच सांगते. पुण्यात असाल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर लक्ष ठेवा, मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचे सभासद व्हा. आणि ज्या ओटीटीला तुम्ही दरमहा पैसे देता, त्यांना एक पत्र लिहा, की आम्हाला ‘उंबरठा’ आणि ‘जैत रे जैत’ स्वच्छ प्रतीत, न कापता, इंग्रजी उपशीर्षकांसह हवे आहेत. एकाने लिहिलं तर ते बाजूला पडेल. हजारोंनी लिहिलं तर त्यांना हक्कदाराचा नंबर फिरवावाच लागेल.