सोडून दिलेला

मार्च २०२४मध्ये अकिरा तोरियामा गेल्याचं मोबाईलवर वाचलं. वय ६८. ‘ड्रॅगन बॉल’ काढणारा माणूस गेला, पण डोळ्यांपुढे त्याचा नायक गोकू आला नाही. आला व्हेजिटा, पोटावर सरपटणारा.

शाळेतून आलं की कार्टून नेटवर्कवर दिसायचा तो. सायन वंशाचा राजपुत्र, गोकूच्या बाजूशी लढाई हरलेला. चिलखताचे तुकडे झालेत, उभं राहवत नाही, आणि तो आपल्या गोल यानाकडे इंच इंच सरकतोय. मागे तलवार घेऊन गोकूचा मित्र क्रिलिन. गोकू म्हणतो, जाऊ दे त्याला. हा जाता जाताही दम देतो, परत येईन, एकालाही सोडणार नाही.

गोकूवर माझा राग आहे तो तेव्हापासूनचा. ती दया नव्हतीच मुळी. याच्याशी पुन्हा लढायची हौस होती.

आमचा मामा कॅरममध्ये राणी घ्यायचा, मुद्दाम कव्हर चुकवायचा आणि गालात हसायचा. लिंबूटिंबूला जिंकू दिल्याचं हसू. जिंकूनही मी भांडायचो.

जपानमध्येच ‘आशिता नो जो’ या मांगातला, म्हणजे चित्रकथेतला, बॉक्सर रिकिइशी नायक जोच्या वजनगटात उतरायला उपाशी राहिला, लढत जिंकला आणि मेला. मार्च १९७०मध्ये या कागदावरच्या बॉक्सरचा टोकियोत खराखुरा अंत्यविधी झाला. कवी शुजी तेरायामा पुढे, सुमारे ७०० माणसं हजर. जिंकून मेलेल्याचं असं होतं. हरून जगलेल्यानं काय करायचं?

व्हेजिटा गोकूला हलक्या दर्जाचा योद्धा म्हणत राहिला. नामेक ग्रहावर मरताना रडला, तेही त्याच गोकूला खलनायक फ्रीझाला मार म्हणून विनवत. पुढे बरोबरीची एक लढत मिळावी म्हणून मांत्रिक बाबिदीला मन विकलं. आणि त्या लढतीतही गोकूनं आपली सगळ्यात मोठी ताकद लपवून ठेवली! हे कळल्यावर तो पेटला, ते मला अगदी पटलं. हरवा, पण पूर्ण जोर लावून हरवा.

शेवटी बू या राक्षसाशी झुंजणाऱ्या गोकूकडे लांबून बघत तो मान्य करतो, तूच पहिला. पण मनातल्या मनात. गोकूच्या कानावर ते जात नाही, हे तोरियामांनी फार बरं केलं.

मामाचा हात हल्ली थरथरतो. मी एकही सोंगटी सोडत नाही. मामी कुरकुरते, “अरे, वयाचा तरी मान ठेव.” मामा म्हणतो, “बोर्डच एका बाजूला कललाय. मांड पुन्हा.”