काय बघायचं राहिलंय?

म्हातारी माणसं डोळ्यांची तक्रार करत नाहीत. गुडघ्याची करतात, कमरेची करतात, रात्री झोप लागत नाही म्हणून करतात. पण दिसेनासं झालं, की ते वयाच्या खात्यावर मांडून गप्प बसतात. पाटण खोऱ्यातून एसटीनं माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक आजी-आजोबा स्वतःहून आलेले नसतात, कुणीतरी आणलेले असतात. आणणाऱ्याच्या तरी कधी लक्षात येतं? आजीला चुलीपाशी चटका बसला, आजोबा उंबऱ्याला ठेचकाळून पडले, की मग. मुलं नवी मुंबईत माथाडी कामाला, गावाकडं दोन म्हातारी माणसं आणि एक म्हैस. एकाची नजर किती गेली हे दुसऱ्याला दिसावं, एवढी त्या दुसऱ्याची नजरही उरलेली नसते.

खुर्चीत बसवून विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘दिसतंय की बाई. काय नड नाय. आता काय बघायचं ऱ्हायलंय?’

इतरांच्या लेखी हे वाक्य म्हणजे बोलणं संपलं. मी मात्र तिथूनच सुरू करते. खरंच, काय बघायचं राहिलंय? सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मग हळूहळू बाहेर येतं. तांदूळ निवडताना खडा राहतो म्हणून सुनेनं ते काम काढून घेतलंय. गोळ्यांची पाकिटं रंगावरून ओळखता येतात, पण कंपनी बदलली की घोटाळा होतो. नातवाचा फोन वाजतो, पण कुठं दाबायचं ते सापडेपर्यंत बंद होतो. तिन्हीसांजेनंतर गोठ्यात जाणं सोडून दिलंय. यातली एकही गोष्ट तक्त्यावर दिसत नाही. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली बनवलेला तो तक्ता मी रोज वापरते, त्याच्यावाचून माझं चालत नाही. पण सहा मीटरवरची कुठली ओळ वाचता आली, एवढंच तो सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा दिवस सहा मीटरवर नसतो. तो हाताच्या अंतरावर, कमी उजेडात आणि पायाखाली असतो. म्हणून बाहेर कितीही रांग असली तरी या चौकशीची दोन-तीन मिनिटं मी तोडत नाही. पुढं काय करायचं, हे निम्मंअधिक त्यातच ठरतं.

काही जण उलट आनंदाची बातमी घेऊन येतात. ‘चष्मा सुटला माझा, पेपर बिनचष्म्याचा वाचतो.’ वयानं डोळ्यातल्या भिंगाचा गाभा दाट आणि कठीण होत जातो, तशी त्याची शक्ती वाढते आणि माणसाला जवळचं पुन्हा दिसू लागतं. त्याच वेळी लांबचं धूसर होत असतं, ते त्याच्या ध्यानात येत नाही. हा मोतीबिंदूच असतो आणि वाचनाचं हे सुख फार दिवस टिकत नाही. ते मी सांगते, पण घाई करत नाही. वाचा, म्हणते, सहा महिन्यांनी मात्र नक्की या.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘अजून पिकू दे’ म्हणणारे असतात. पूर्वी मोती पिकेपर्यंत थांबायला सांगत, आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेला ते धरून होतं. आता थांबल्यानं नुकसानच होतं. भिंग तपकिरी आणि दगडासारखं होत जातं, फोडायला अवघड जातं. कधी ते फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं. डोळा लाल होतो, अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालंय, आणि लिंबूपाण्यात दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या वेळात आतली नस कायमची जाऊ शकते. डोकं, उलटी आणि लाल डोळा एकत्र आले की त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं आणा, हे मी भेटेल त्या आशाताईला सांगत असते.

भिंग कुठलं बसवायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात विचाराचा भाग. डोळ्याची लांबी मोजायची, कॉर्नियाचा गोलवा मोजायचा आणि सूत्रात घालून आकडा काढायचा. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीचनं चुकतो, म्हणून मापं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. पण आकडा अचूक आला तरी कुठल्या अंतरासाठी, हे यंत्र सांगत नाही. लोकांची मागणी असते, ‘चष्मा घालवून द्या.’ चष्मा घालवायचा म्हणजे लांबचा नंबर शून्यावर आणायचा, असं आपण गृहीत धरतो.

एक आजी आल्या होत्या. लहानपणापासून उणे तीनचा चष्मा. त्यांचा मुलगा हुशार, सगळं वाचून आलेला. आईला चांगल्यातलं चांगलं भिंग बसवा, म्हणाला, लांबचंही दिसेल आणि जवळचंही, असं मल्टिफोकल. मी आजींना त्यांचा दिवस विचारला. पहाटे उठून पोथी वाचतात. कशी? चष्मा काढून, दीड वितीवर धरून. वाती वळतात, तेही चष्मा काढूनच. सुईत दोरा आजही त्याच ओवतात, शेजारच्या बायका त्यांच्याकडं सुया घेऊन येतात. लांबचं पाहायला चष्मा लावायची सवय साठ वर्षांची, तिचं त्यांना काहीच ओझं नव्हतं. त्यांचा नंबर शून्यावर आणला असता तर एसटीची पाटी दिसली असती, पण आयुष्यात पहिल्यांदा पोथीसाठी चष्मा शोधावा लागला असता. आपली नजर डॉक्टरीणबाईंनी घालवली, असंच त्यांना वाटलं असतं, आणि त्यात त्यांचं चुकलं नसतं. शिवाय दृष्टिपटलाच्या मध्यभागी वयाचे पिवळसर ठिपके दिसत होते. मल्टिफोकल भिंग आत येणारा उजेड वाटून टाकतं, त्यानं फिकट रंगांतला फरक आणखी पुसट होतो. मध्यभाग आजारी असेल किंवा काचबिंदू असेल तर मी ते बसवत नाही, पैसे देणारा कितीही तयार असला तरी. आजींना साधं, एकाच अंतराचं भिंग बसवलं आणि नंबर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास ठेवला. मुलाला पटायला वेळ लागला. आजींना लागला नाही.

डोळ्यात भिंग बसवता येतं हेच मुळात किती उशिरा कळलं! दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या अॅक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते, आणि डोळा ते निमूट सहन करत होता. हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश शल्यविशारदानं हे नीट पाहिलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना कित्येक वर्षं विरोध केला. म्हातारपणी रिडली यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगं बसवली गेली. आपल्याकडं ती गरिबाला परवडू लागली ते मदुराईमुळं. डॉ. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, आणि १९९२ पासून त्यांच्या ऑरोलॅबमध्ये भिंगं बनू लागली. संधिवातानं बोटं वाकडी झालेली असतानाही ते शस्त्रक्रिया करत. निवृत्तीनंतर काय करायचं, असं कुणी विचारलं की मला त्यांची आठवण होते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. मला त्याआधीचा अर्धा तास जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगते. लघवीच्या त्रासासाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी, टॅमसुलोसिन चालू असेल तर बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून शस्त्रक्रियेत फडफडतो. हे २००५ मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं. ‘डोळ्याचा आणि लघवीच्या गोळीचा काय संबंध?’ म्हणून ती गोळी सांगायची राहून जाते. मग उताणं झोपवून बघते. पाठीला पोक असेल तर डोकं टेकत नाही, दम लागत असेल तर दहा मिनिटंही सपाट झोपवत नाही. मानेखाली घड्या घालून चादर, गुडघ्यांखाली उशी, टेबल थोडं उचललेलं, असं करत करत प्रत्येकाची बैठक सापडते. ऐकू कमी येणाऱ्याच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं की तो एकटा पडतो. त्याच्या हाताशी सिस्टर बसते. खोकला येतोय असं वाटलं की तिचा हात दाबायचा, हे आधीच घटवून घेतलेलं असतं. हात दाबला गेला की मी हत्यारं बाहेर काढते. आत भिंगामागचा पापुद्रा कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ असतो, मिलिमीटरच्या हजार भागांतले चारेक भाग. नवं भिंग त्याच्याच आधारानं बसायचं असतं.

शिबिरांनी महाराष्ट्रातल्या एका पिढीला दृष्टी दिली. डॉ. तात्याराव लहाने यांच्या शिबिरांतून किती म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसू लागलं, ते गावोगाव लोक सांगतील. मोतीबिंदू एका दिवसात काढता येतो, म्हणून त्याचं शिबिर भरवता येतं. काचबिंदूचं तसं नाही. तो कडेकडेनं नजर खात येतो, दुखत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायला रोज थेंब टाकायचे, तेही जन्मभर. या कामाला फोटो काढण्यासारखा क्षण नसतो, देणगीदारही सहसा मिळत नाही. मला वाटतं, आपल्या व्यवस्थेचं लक्ष आणि पैसा आता इकडं वळायला हवा. तालुक्याच्या गावी डोळ्याचा दाब मोजणारी आणि नस तपासणारी माणसं कायमची हवीत.

आणि थेंब टाकणं! लिहून देणं सोपं असतं. मी पेशंटला माझ्यासमोर थेंब टाकायला लावते. एका आजोबांची बाटली आठवड्यात संपायची. टाकून दाखवा म्हटलं. त्यांनी मान वर केली, थरथरता हात उंच धरला आणि बाटली दाबली. पहिला थेंब भुवईवर, दुसरा पापणीवर, तिसरा गालावरून कानाकडं. डोळा कोरडाच. घरी मोजून-मापून दिवसातून दोनदा हेच चाललं होतं, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून दुसरीकडं त्यांना आणखी एक बाटली मिळालेली होती. त्यांना झोपवलं. एका हातानं खालची पापणी ओढायची, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथर कमी होते, आणि एकच थेंब. डोळ्यात एका थेंबालाही पुरती जागा नसते, दुसरा वाहूनच जातो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, नाही तर औषध नाकातून अंगात उतरतं. टिमोलॉलसारख्या थेंबानं नाडी मंद होते, दमा उसळतो. चक्कर कशानं येते ते कुणाला कळत नाही. दोन वेगळ्या बाटल्यांत पाच मिनिटांचं अंतर. आजोबांना हे जमायला बराच वेळ लागला. जमलं तेव्हा म्हणाले, ‘आत गार लागलं बघा.’ इतक्या महिन्यांत थेंब पहिल्यांदाच आत गेला होता.

दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात. ओसरीवर बसलेली नटलेली पोरं, भिंतीवर नक्षी, अंगणात घोडे. दिसणाऱ्याला बहुधा ठाऊक असतं की हे खरं नाही, पण तो कुणाला सांगत नाही. वेड लागलंय म्हणतील, नाही तर देवऋष्याकडं नेतील. चार्ल्स बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या नजर अधू झालेल्या आजोबांबद्दल हे १७६० साली लिहून ठेवलंय. डोळ्याकडून खबर येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. म्हणून मीच आधी विचारते, कधी नसलेलं काही दिसतं का हो? ‘दिसतं’ म्हणताना एका मावशींनी आधी दाराकडं पाहिलं, सून ऐकत नाही ना म्हणून. मग सुनेलाच आत बोलावलं आणि दोघींना सांगितलं की हा डोळ्याचा आजार आहे, डोक्याचा नाही. सून म्हणाली, ‘मग आत्या आदीच सांगायचं की वो.’

‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य मी आमच्या दवाखान्यात कुणाला बोलू देत नाही. शस्त्रक्रिया संपते, इंजेक्शनं संपतात, तिथून पुढं उजेडाचं काम सुरू होतं. वाचताना दिवा खांद्यामागून, डोळ्यावर येणारा नको. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाचं ताट घ्या. हातात धरायचं भिंग, मोठ्या आकड्यांचा फोन. परवा काचबिंदूच्या एका आण्णांची सून येऊन सांगून गेली. पायऱ्यांच्या कडांना तिनं पिवळा ऑइल पेंट दिलाय, न्हाणीघरातली बादली पांढरी होती ती बदलून लाल आणलीय, आणि गोठ्याच्या दारात बल्ब लावलाय. आण्णा पुन्हा म्हशीला वैरण टाकायला एकटे जातात. परड्याकडच्या पायवाटेला काय करता येईल, असं ती विचारत होती. कडेनं चुन्यात रंगवलेले दगड मांड, म्हटलं, आणि पुढच्या वेळी येताना वाटेचा फोटो काढून आण.