कुलूप फिरते, उलटत नाही

डाव्या स्टेअरिंगची जुनी गाडी उजवी करायची म्हटली की रॅक, पेडल, डॅशबोर्ड, वायपर यांचा हिशेब आधी मांडला जातो. स्टेअरिंग लॉक यादीत असलेच तर तळाशी असते. रॅक उजव्या गाडीचा मिळतो, पेडलांची चौकट पलीकडे नेता येते, डॅशबोर्ड पत्र्याचा असेल तर कापून नवा करता येतो. कुलूप मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आणि अनेक गाड्यांत एकाच बाजूसाठी घडवलेले असते. त्याची खिट्टी ज्या खाचेत पडते ती खाच कॉलमच्या दांड्यावर कारखान्याने ठरवलेल्या कोनात असते. अशा गाड्यांत बाजू बदलली की कुलपाचा आकार आणि खाचेचा कोन, दोन्ही एकदम चुकतात. तरी गाडी चालू होते, दिवे लागतात, मालक खूश होऊन घेऊन जातो आणि खिट्टी भलत्याच ठिकाणी पडते आहे हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

स्टेअरिंगला कुलूप घालण्याची कल्पना जुनी आहे. १९३२ ते १९४८ च्या फोर्ड व्ही-८ गाड्यांत इग्निशनची चावी कॉलमच्या टेकूतच बसे आणि कॉलमही अडवत असे. कॅनडाहून उजव्याच बनून भारतात आलेल्या फोर्ड गाड्यांत काही करावे लागत नाही. डोकेदुखी सुरू होते ती नंतरच्या काळातल्या गाड्यांपासून. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये मोटारींना चोरीविरोधी कुलूप सक्तीचे केले. अमेरिकेत अशी सक्ती १ जानेवारी १९७० पासून आली. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात ती नव्हती. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेल्या दोन ब्रिटिश गाड्यांपैकी जर्मनीला जाणारीच्या कॉलमवर कुलूप असे आणि घरच्या बाजारातलीला डॅशबोर्डवर नुसता स्विच. याचा आजचा परिणाम असा, की काही मॉडेलांचे उजवे कुलूप कधी बनलेच नाही. ते कुर्ल्यात, नाना पेठेत किंवा परदेशातल्या भंगारात शोधत बसण्यात अर्थ नसतो.

भारतात गाडी उजवी करायलाच हवी, असेही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२० डाव्या स्टेअरिंगला मनाई करत नाही. विहित नमुन्याचे, चालू स्थितीतले सिग्नल देणारे साधन हवे, एवढीच त्याची अट आहे. उलट ५० वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करायची तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. तरी मालक उजवीच मागतात आणि त्यांचे चुकत नाही. घाटात एसटीच्या मागे अडकलेल्या डाव्या गाडीच्या चालकाला ओव्हरटेक करताना समोरचे काही दिसत नाही, शेजारी बसलेल्याच्या ‘चल, चल’वर जीव सोपवावा लागतो.

कामाच्या दृष्टीने गाड्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात चावी डाव्या-उजव्या दोन्ही गाड्यांत कॉलमच्या उजवीकडेच असते. तिथे कॉलम जसाच्या तसा पलीकडे जातो, कुलपाला हात लावावा लागत नाही, फक्त चावी डॅशबोर्डच्या मधल्या भागाऐवजी दाराशी येते. दुसऱ्या वर्गात चावी आरशातल्यासारखी बाजू बदलते. याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे पोर्शे ९११. डाव्या गाडीत चावी डावीकडे, उजव्या गाडीत उजवीकडे, म्हणजे कायम दाराच्या बाजूला. ला माँच्या शर्यतीत पूर्वी चालक धावत येऊन गाडीत उडी मारत. एका हाताने चावी आणि दुसऱ्याने गिअर टाकता यावा म्हणून ही जागा निवडली, ही कथा सांगितल्याशिवाय कोणताही ९११ चा मालक गॅरेजबाहेर पडत नाही. धावत येऊन सुटण्याची ती पद्धत १९६९ नंतर बंद झाली, कथा चालू राहिली. त्याच ९११ मध्ये रॅकचा पिनिअन मधोमध ठेवला आहे आणि तिथून सांध्यांचा दांडा कोणत्याही बाजूला नेता येतो. इतकी सोय करणाऱ्या गाडीतही कुलूप बाजू बदलताना अडतेच.

जुने कुलूप काढण्यापूर्वी चाके सरळ करून दांड्यावर, कॉलमच्या नळीवर आणि कुलपाच्या अंगावर अशा तीन खुणा कराव्यात. बोल्ट एकदा निघाले की या खुणांखेरीज कोणताही पुरावा उरत नाही. कुलूप धरून ठेवणाऱ्या बोल्टांची डोकी कारखान्यातच आवळताना तुटलेली असतात, वर फक्त एक गुळगुळीत घुमट असतो. कडेला छन्नी लावून हलक्या ठोक्यांनी ते उलटे फिरवतात, नाही फिरले तर मध्ये भोक पाडून काढतात. डॅशबोर्डखाली उताणे पडून, हात डोक्यावर धरून, बुरा डोळ्यांत पडत असताना करायचे हे काम आहे. साठी ओलांडलेला मेस्त्री ते शिकाऊ पोरावर सोपवतो आणि बाहेर उभा राहून आवाजावरून सूचना देतो. पोराला वाटते म्हातारा मोठेपणा गाजवतो आहे. खरे कारण खांदा असतो, पण तसे कबूल करण्यापेक्षा गाजवलेला मोठेपणा बरा वाटतो. ड्रिल बोल्टातून सरकून जस्ताच्या अंगात शिरले तर सूर चटकन बदलतो, चिरका आवाज मऊ पडतो. तो ऐकून ‘थांब’ म्हणणे एवढेच काम त्या वयात उरते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

आता मूळ अडचण. चालकाच्या नजरेने कॉलमकडे घड्याळाची तबकडी म्हणून पाहिले आणि डाव्या गाडीत कुलूप ८ वर आहे असे धरले, तर उजव्या गाडीत ते ४ वर हवे. नळीभोवती ते फिरवून ४ वर आणणे सोपे आहे. पण फिरवणे वेगळे आणि आरशातली प्रतिमा वेगळी. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायात बसत नाही, तसेच हे. चावीचे तोंड चालकाकडे झुकलेले असते. हा झुकाव कॉलमच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे फिरवल्यावरही टिकतो. पण बहुतेक कुलपांना दुसरा, बारीक झुकावही असतो. ८ वर असताना तोंड जरा वर, म्हणजे ९ कडे असते. तेच कुलूप ४ वर आणले की तोंड ५ कडे, म्हणजे खाली गुडघ्याकडे वळते. चावीभोवतीचे आकडे तिरके होतात, चावीची फट आडवी होते, वायर खालून निघत होती ती वरून निघू लागते.

कारखान्याचे उजवे कुलूप हाताळले की त्यातली खुबी कळते. बाहेरचे अंग उलटे ओतलेले असते, पण आतला गाभा तोच असतो; कारण चावी दोन्ही गाड्यांत घड्याळाच्याच दिशेने फिरायला हवी. म्हणून असे कुलूप मिळत असेल तर किमतीवर घासाघीस न करता घ्यावे आणि जुन्या कुलपाचा गाभा काढून त्यात घालावा, म्हणजे दाराची आणि इग्निशनची चावी एकच राहते. मिळत नसेल तर लेथवाल्याकडून तिरपे पॅकिंग करून घ्यावे लागते. तोंड वर आणायला नळी आणि कुलूप यांच्या मध्ये बसणारी ही पाचर पोलादाची हवी. ॲल्युमिनियमची पाचर खिट्टीच्या धक्क्याने दबते, मग कुलूप डुलते आणि खिट्टी खाचेच्या कडेवर आपटू लागते.

तोंडाची दिशा निदान दिसते तरी. खाच दिसत नाही आणि जाणत्या मेस्त्र्याची झोप तीच उडवते. चाके सरळ असताना दांड्यावरची खाच ४ वर आहे असे धरा. डाव्या गाडीत खिट्टी ८ वर होती. स्टेअरिंग १२० अंश उजवीकडे वळवले की खाच तिच्यासमोर येई आणि कुलूप पडे. आता खिट्टीच ४ वर आली, म्हणजे गाडी सरळ असतानाच खाच तिच्यासमोर उभी आहे. यात दोन धोके आहेत. चाके सरळ अडकलेली गाडी चोर मागून ढकलत किंवा ओढत नेऊ शकतो. वळलेल्या चाकांची गाडी गोल फिरत राहते, म्हणून कारखाने सरळ स्थिती टाळतात. दुसरा धोका मोठा. चावी आत असेपर्यंत खिट्टी मागे धरून ठेवणारी एक छोटी पट्टी असते. ती झिजली आणि खिट्टी चालत्या गाडीत सुटली, तर बाजूला असलेली खाच थोडा अवधी तरी देते: खिट्टी दांड्यावरच्या, खाच असलेल्या कॉलरवर टेकते, खरखर वाजते, सावध चालक बाजूला घेतो. खाच समोरच असेल तर हा अवधी मिळत नाही. आजच्या युरोपीय नियमांनुसार असे कुलूप ३०० न्यूटन-मीटर पीळ सोसणारे असावे लागते, म्हणजे ४० सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेला सुमारे १५० किलोंचा जोर. जुन्या कुलपांना हा नियम लागू नसला, तरी चालत्या गाडीत हाताच्या जोरावर ती सुटतील असे धरून चालता येत नाही.

उपाय खाचेत शोधला जातो, तो खरा दांड्यात आहे. दांड्याच्या वरच्या टोकाला स्टेअरिंगचे दाते, खालच्या टोकाला सांध्याचे दाते. दोन्हीकडून सोडवून दांडाच १२० अंश डावीकडे फिरवला आणि स्टेअरिंग व सांधा जागच्या जागी ठेवून पुन्हा जोडला, तर खाच ४ वरून १२ वर जाते आणि खिट्टीशी तिचे जुने नाते परत येते. दाते ३६ असतील तर हे बरोबर १२ दाते. ४० असतील तर १३ दाते म्हणजे ११७ अंश, तेही चालते. न कापता, न जाळता, अर्ध्या तासात काम होते. हे ज्याला पहिल्यांदा सुचते तो आठवडाभर गॅरेजात छाती काढून फिरतो, आणि पुढची प्रत्येक गाडी याच युक्तीत बसवायच्या मोहात पडतो. ती प्रत्येक गाडीत बसत नाही. वरचे आणि खालचे दाते वेगवेगळ्या संख्येचे असले की स्टेअरिंग दोन-तीन अंश तिरके राहते. ते टाय-रॉडने सरळ करणे ही लबाडी आहे, कारण मग रॅकचा मध्य सरकतो. सिग्नल आपोआप बंद करणारा कॅम दांड्यावर असेल तर तोही सोबत फिरतो आणि इंडिकेटर भलत्या वळणावर पडतो. आणि सांध्याचा बोल्ट दांड्यावरच्या एकाच खोबणीतून जात असेल, तर दांडा दुसऱ्या कोनात बसतच नाही.

तिथे नवी कॉलर करण्यावाचून मार्ग नाही. जुनी कॉलर दांड्याला धक्का न लावता लेथवर उतरवावी, मध्यम कार्बनच्या पोलादाची नवी करावी, खाच हव्या त्या कोनात मिलिंगवर पाडावी आणि कॉलर घट्ट मापाने दाबून बसवावी. खाचेच्या कडा तीक्ष्ण ठेवू नयेत. किंचित उतार असला की खिट्टी अडकून न बसता स्टेअरिंग हलवल्यावर सुटते. खिट्टीला निळी शाई लावून एकदा कुलूप पाडले की ती कुठे टेकते ते दिसते. डाग खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखा हवा. एकाच भिंतीवर उमटला तर कॉलर पुन्हा उतरवावी, कितीही कंटाळा आला तरी.

हे टाळण्याचे धंदेवाईक मार्ग भरपूर आहेत. जुनी खाच वेल्डिंगने भरून ग्राइंडरने नवी पाडणारे आहेत. स्टेअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नये. रॅक डावीकडेच ठेवून डॅशबोर्डमागून साखळीने पीळ पलीकडे नेणारे आहेत. त्यात कुलूप नव्या बाजूच्या आखूड दांड्यावर बसते, म्हणजे साखळी तुटली की कुलपाचा आणि चाकांचा संबंधच संपतो. काही जण खिट्टी कापून टाकतात आणि कुलूप नुसते इग्निशन म्हणून ठेवतात. कसबी माणसे यांना हसतात, पण मालकाला सांगून केले असेल तर ते साखळीपेक्षा बरे: गाडी चोरीला जाईल, माणूस जाणार नाही.

गाभ्यातल्या, चावीने हलणाऱ्या पत्त्यांचे पथ्य थोडक्यात. जुन्या गाभ्यातल्या स्प्रिंगा मेलेल्या असतात आणि पत्त्या निम्म्या स्वतःच्या वजनानेच जागेवर पडत असतात. कुलूप फिरवले की वजनाची दिशा बदलते आणि काल चालणारी चावी आज अडते. स्प्रिंगा बदलाव्यात, ग्रॅफाइट घालावे, तेल घालू नये. खिट्टी धरणाऱ्या पट्टीची स्प्रिंग हाताशी असतानाच बदलावी. वायरिंगमध्ये ३०, १५ आणि ५० या खुणा असल्या की गोंधळ होत नाही. फक्त वरून निघालेली वायर उघड्या पत्र्याच्या कडेवर घासू देऊ नये.

चाचणी पुढची चाके उचलून करतात. चावी काढून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवावे आणि कुठे कुठे पडते ते लिहून ठेवावे. मग चावी आत ठेवून, इग्निशन बंद करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. खिट्टीची टिकटिक एकदाही ऐकू येता कामा नये. जड जुडगा लटकवूनही हेच करावे, कारण मालक तसाच वापरणार असतो. पहिले काही दिवस साध्या बोल्टांवरच गाडी चालवून पाहावी. डोके तुटणारे नवे बोल्ट त्यानंतर आवळावेत, आणि दुसरी चावी कुलपात चालवून पाहिल्याशिवाय आवळू नयेत.