कर्सर उड्या मारतो तेव्हा

साताऱ्यात शनिवार पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी १९९८ साली कामाला लागलो. पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल लावायचे. पत्रिकेची चौकट ओढताना कर्सर मध्येच थबकायचा. आडवा सरकायचा, पण वर-खाली हलायचा नाही. मालकांनी माउस पालथा केला, खालची चकती फिरवली आणि रबराचं आवरण असलेली जड गोळी तळहातावर काढून दाखवली. आत एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन रोलर होते. एक आडवी हालचाल मोजणारा, दुसरा उभी. उभ्याच्या रोलरवर धूळ आणि पॅडच्या तंतूंचा काळा पट्टा चिकटला होता. तो नखाने खरवडला, स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि कर्सर सुरळीत चालू लागला. बिघाड आपला पत्ता स्वतःच सांगतो, फक्त नीट पाहावं लागतं, हे मी त्या टेबलावर शिकलो.

पुढे वाचनात आलं, की डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४च्या सुमारास केलेला पहिला माउस लाकडी होता. त्यात गोळी नव्हती, पण काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जगासमोर चालवून दाखवला. आम्ही साताऱ्यात साफ करत होतो, ती याच चाकांची पुढची पिढी, हे कळल्यावर त्या पट्ट्याबद्दलही आदर वाटला.

मग लाल उजेडाचे ऑप्टिकल माउस आले. गोळी गेली, साफसफाई संपली. आता एक बारीकसा कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालचा पृष्ठभाग टिपतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. आमच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली देवाचे फोटो, कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं. गुळगुळीत काचेवर कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडेना आणि कर्सर भरकटायचा. साधा कोरा कागद खाली ठेवला की काम भागायचं, कारण कागदाचा खरखरीतपणा त्याला दिसतो.

सांगलीला येऊन विश्रामबागला स्वतःचं काम सुरू केलं, तोवर वायरही गेली. बिन वायरच्या माउसचा बिघाड मात्र डोळ्यांना दिसत नाही. कर्सर उड्या मारू लागला तेव्हा मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. नवा सेल घातला, फरक नाही. खाली कागद ठेवला, फरक नाही. तोच माउस मुलीच्या लॅपटॉपला लावला, तर उत्तम चालला. म्हणजे माउस निर्दोष होता. मग त्रास कधी होतो त्याकडे लक्ष दिलं. दिवसभर काही नाही. संध्याकाळी बॅकअपची हार्ड डिस्क लावली, की उड्या सुरू. डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टात आणि तिला खेटूनच माउसचा रिसीव्हर, दोन्ही कॅबिनेटच्या मागे.

माउस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतो. यूएसबी ३ची जोडणी वेगाने माहिती वाहताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडते; इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपणच काढलं आहे. जत्रेत ढोलाशेजारी उभं राहून फोनवर बोलावं, तशी त्या रिसीव्हरची गत. त्यात भर कॅबिनेटच्या पत्र्याच्या आडोशाची. एक्स्टेन्शनची वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला आणि उड्या थांबल्या.

वाईट याचं वाटतं, की असे माउस रोज कचऱ्यात जातात. एकदा दाबलं तरी दोनदा क्लिक होतं, यात बहुतेक वेळा आतला छोटा स्विच झिजलेला असतो. डाग देणारा कारागीर तो बदलून देतो, पण त्याच्याकडे कोणी जात नाही. वस्तू स्वस्त झाली म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवय सुटू नये. गोळीच्या काळात आपण माउस उघडायचो, म्हणून तो आपल्याला कळायचा.

तेव्हा तुमचा कर्सर उड्या मारू लागला, तर नवा माउस मागवण्याआधी सेल बदलून बघा, खाली कागद ठेवा, रिसीव्हर पुढच्या पोर्टात आणा, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. एका वेळी एकच बदल करा. एवढं करूनही चालला नाही, तर तो ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.